वैमानिक आजारी पडतो तेव्हा

'ताप आल्यामुळे मी आज शाळेत येऊ शकत नाही, तरी कृपया एक दिवसाची रजा मंजूर करावी,' हा अर्ज आपण सर्वांनी मराठीच्या वहीत पाचवी-सहावीतच गिरवलेला आहे. त्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असे लिहिताना ताप खरा होता की खोटा, हा प्रश्न गुरुजीही फारसा विचारीत नसत. पुढे नोकरीत शिरल्यावर मात्र या अर्जाचे स्वरूप बदलते. नव्याने लागलेला शिक्षक, तलाठी किंवा एस. टी.चा चालक पहिल्या वर्षी आजारी पडला की घाबरतो. 'आताच लागला आणि आताच रजा?' असे वरिष्ठ म्हणतील, ही धास्ती त्याला अंगातल्या तापापेक्षा अधिक जाळते. मग तो एक गोळी घेतो आणि कामावर जातो. आपल्याकडे अशा माणसाचे कौतुकही होते. अंगात ताप असताना कामावर आला म्हणून त्याची पाठ थोपटली जाते.

परंतु एक व्यवसाय असा आहे की, तेथे ताप अंगावर काढून कामावर येणे हा गुण नसून नियमभंग आहे. तो म्हणजे प्रवासी विमानाच्या वैमानिकाचा. आणि गंमत अशी की, या व्यवसायात नव्याने शिरलेल्या तरुणाला आजारपणाचा फोन करण्याची भीती इतर कोणाहीपेक्षा अधिक वाटते. नियम म्हणतो, येऊ नकोस. परिस्थिती म्हणते, आलास नाहीस तर बघ. या ओढाताणीत काय काय घडते, ते समजून घेण्यासारखे आहे.

विमान हा विषय आता मुखेडकरांना तितकासा परका राहिलेला नाही. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडच्या विमानतळाचे रूप पालटले, लातूरलाही धावपट्टी आहे. गोंदियाजवळ बिरसी, बारामती, धुळे अशा ठिकाणी विमान चालवण्याचे शिक्षण मिळते. तेव्हा मराठवाड्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या कॉकपिटमध्ये बसली तर नवल नाही. मराठी मुलींनी तर हा मार्ग फार पूर्वीच मळवला आहे. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन एअरलाइन्सच्या एका फोकर विमानाने केवळ महिला वैमानिकांसह कलकत्ता ते सिल्चर असे उड्डाण केले, तेव्हा त्या विमानाच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या.

प्रथम कायदा पाहू. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचे नियम उभे राहिले. त्या कराराचे पहिले परिशिष्ट वैमानिकांच्या परवान्यासंबंधी आहे. त्यात असे तत्त्व घातलेले आहे की, आपली शारीरिक पात्रता कमी झाली आहे असे ज्या वैमानिकाला स्वतःला जाणवते, त्याने परवान्याचा वापर करू नये. येथे 'स्वतःला' हा शब्द महत्त्वाचा. व्यावसायिक वैमानिकाची प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा होते. डोळे, कान, हृदय, रक्त, सारे पाहिले जाते. परंतु डॉक्टर वर्षातला एक दिवस पाहतो. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचा डॉक्टर वैमानिक स्वतःच असतो. मद्याच्या बाबतीत यंत्र आहे. उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य, आणि श्वासाची तपासणीही होते. पण सर्दीची, जुलाबाची, अपुऱ्या झोपेची किंवा घरात झालेल्या भांडणाची नोंद घेणारे यंत्र कोणत्याही विमानतळावर नाही.

कोणी म्हणेल, साध्या सर्दीने असे काय बिघडते? जमिनीवर खरोखरच फारसे बिघडत नाही. आकाशात बिघडते, आणि त्याचे कारण हवेच्या दाबात आहे. विमान पस्तीस हजार फुटांवर असले तरी आतील हवेचा दाब तितका विरळ ठेवत नाहीत, परंतु जमिनीइतकाही ठेवत नाहीत. बहुतेक विमानांत तो सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारे ५४०० फूट. म्हणजे विमानात बसलेला प्रत्येक माणूस, आसनाला पट्टा बांधून, कळसूबाईच्याही वर जाऊन बसलेला असतो. आठ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश होतो. दाब घटला की कोंडलेली हवा प्रसरण पावते. आपल्या मध्यकर्णात अशी हवा असते आणि तिला घशाकडे जाणारी एक अरुंद नळी आहे, तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. विमान वर चढताना कानातली जादा हवा या नळीतून सहज बाहेर निघते. खरी अडचण उतरताना होते. बाहेरचा दाब वाढत जातो, आणि सर्दीने सुजलेली नळी हवेला आत येऊ देत नाही. पडदा आत ओढला जातो, असह्य कळा येतात, चक्कर येऊ शकते, क्वचित पडदा फाटतोही. कपाळातल्या आणि गालांतल्या पोकळ्यांची तीच कथा. आता लक्षात घ्या, उतरण्याची हीच वेळ वैमानिकाच्या सर्वाधिक एकाग्रतेची असते. वर चढताना तो ठणठणीत होता, म्हणून उतरतानाही राहील, असे नाही.

बरे, गोळी घ्यावी, तर सर्दीच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. प्रवाशाने त्या गुंगीत खुशाल झोपावे. चालकाचे काय? म्हणून विमान वैद्यकाला विचारल्याविना साधे औषधही घेऊ नये, अशी शिस्त आहे. पोटाच्या विकाराबद्दल तर वैमानिकांत विशेष धाक असतो. उडत्या विमानात वैमानिक अकस्मात अकार्यक्षम होण्याच्या घटनांत पोट बिघडण्याचा क्रमांक फार वरचा आहे. १९७५ च्या फेब्रुवारीत जपान एअर लाइन्सचे एक जंबो विमान अलास्कातील अँकरेजहून कोपनहेगनकडे निघाले होते. न्याहरीच्या ऑम्लेटमधून जवळजवळ दोनशे जणांना विषबाधा झाली. ज्या आचाऱ्याने ते बनवले त्याच्या बोटाला जखम होती, एवढेच निमित्त. वैमानिकांनी मात्र ते खाल्ले नव्हते, कारण त्यांच्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे ती न्याहरीची वेळ नव्हती. दोन्ही वैमानिकांनी एकाच ताटातले खाऊ नये, हा दंडक असल्या प्रसंगांतून पक्का झाला. आपल्याकडे पंगतीत शेजारच्याच्या ताटातले उचलणे हे प्रेमाचे लक्षण. कॉकपिटमध्ये ते चालत नाही!

आता आजारपणाची रजा प्रत्यक्षात कशी घेतात ते पाहू. वैमानिकाला महिन्याचे वेळापत्रक आधी मिळते. त्याला रोस्टर म्हणतात. रोस्टर सांभाळणारा विभाग चोवीस तास जागा असतो. आजारी वैमानिकाने त्या विभागाला शक्य तितक्या लवकर कळवायचे असते. अर्ज लिहून वाट पाहण्यास येथे वाव नाही. त्याच्या जागी जाण्यासाठी काही वैमानिक 'स्टँडबाय' म्हणून तयार ठेवलेले असतात. कोणी घरी गणवेश इस्त्री करून फोनची वाट पाहतो, कोणी विमानतळावरच बसतो. सकाळी सहाच्या विमानासाठी आदल्या रात्री आठला फोन आला तर बदली माणूस निवांत झोप घेऊन येतो. तोच फोन पहाटे चारला आला तर धावपळ होते, आणि पाचला आला तर विमानाला उशीर झाल्यावाचून राहत नाही. म्हणून जाणते कॅप्टन नवख्यांना हेच सांगतात की, 'सकाळपर्यंत बरे वाटेल' या आशेवर फोन लांबवू नये. नवखा नेमके तेच करतो. त्याला वाटते, बघू या रात्रभर. रात्रभर बघण्यात झोपही जाते, आणि पहाटे एकाऐवजी दोन आजार घेऊन तो उठतो.

तो असे का करतो, याची कारणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. वैमानिकाचा परवाना आणि पुढे विशिष्ट जातीच्या विमानाचे प्रशिक्षण यांचा खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहूनही पुढे जातो. आपल्या भागातल्या कुटुंबाने तो करायचा म्हणजे बँकेचे कर्ज, नाहीतर जमीन. मुलाच्या खांद्यावर सोनेरी पट्ट्या दिसतात, त्याखालचा हप्ता दिसत नाही. नोकरी लागल्यावर काही काळ परिवीक्षा असते. अनेक ठिकाणी ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याचा करार लिहून घेतात. काही कंपन्यांत वेतनाचा मोठा भाग प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो, म्हणजे जमिनीवर राहिलेला दिवस खिशालाही लागतो. प्रशिक्षणाच्या उड्डाणात तर अनुभवी शिक्षक-कॅप्टनबरोबरची फेरी चुकली की पुढची केव्हा मिळेल याचा नेम नाही. शिवाय नवखा ज्या गावी नेमला जातो तेथे त्याचे घर नसते. आजारी पडलेला मुलगा भाड्याच्या खोलीत एकटा असतो, आणि फोन करावा की नाही हे विचारायला जवळ कोणीच नसते.

या मनःस्थितीचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून निघालेले कोल्गन एअरचे छोटे प्रवासी विमान बफेलो शहराजवळ कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक असे ५० जण मृत्युमुखी पडले. त्यातील सहवैमानिक युवती चोवीस वर्षांची होती, नोकरीला जेमतेम वर्ष झाले होते. ती राहत होती देशाच्या पश्चिम टोकाला, सिएटलजवळ, आणि नोकरी होती पूर्व टोकाला. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून जागा मिळवीत ती न्यूअर्कला आली होती. तिला सर्दी झाली होती. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात तिचे शिंकणे-खोकणे आहे. घरी असतानाच असे वाटले असते तर आपण आलोच नसतो, पण आता येथे आजारी म्हटले तर हॉटेलच्या खोलीचे भाडे पदरचे भरावे लागेल, अशा आशयाचे तिचे बोलणेही त्यात आहे.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. अपघाताचे मुख्य कारण तिची सर्दी हे नव्हते. विमानाचा वेग घटून धोक्याचा इशारा मिळाला असता कॅप्टनने नेमकी उलटी कृती केली, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. दोघांच्या थकव्याचा परिणाम झाला असावा, पण तो किती, हे मोजता आले नाही. तथापि त्या हॉटेलच्या भाड्याने अमेरिका हादरली. मृतांचे नातेवाईक वर्षानुवर्षे संसदेच्या पायऱ्या झिजवीत राहिले. २०१० साली कायदा झाला, आणि वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांचे नवे नियम २०१४ च्या जानेवारीपासून अमलात आले.

आपल्या देशातही धडे कमी नाहीत. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे दरीत गेले आणि १५८ जणांचा बळी गेला. सुमारे दोन तासांच्या ध्वनिमुद्रणात पहिली शंभर मिनिटे कॅप्टन झोपलेला होता, त्याच्या घोरण्याचा आवाज नोंदला गेला आहे. झोपेतून उठल्यावरची जी जडता असते, तिने त्याचा निर्णय बिघडला असावा, असे चौकशीत म्हटले आहे. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्यास तीनदा सांगितले, पण स्वतः कृती केली नाही. धाकट्याने थोरल्यापुढे किती बोलावे, ही आपल्या समाजातली जुनीच अडचण आहे. ७ ऑगस्ट २०२० च्या कोझिकोड अपघाताचा अहवाल तर आपल्या विषयाच्या अगदी जवळ येतो. त्या विमानाचे कॅप्टन अत्यंत अनुभवी होते. ते मधुमेहावरची काही औषधे विमान वैद्यकाच्या सल्ल्याविना घेत असावेत आणि त्यामुळे रक्तातील साखर किंचित उतरून निर्णयशक्तीवर सूक्ष्म परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, असे त्या अहवालाने नमूद केले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या नावावर दुसरे उड्डाण होते आणि कोझिकोडला कॅप्टनांची वाण होती, हेही अहवालात आले. त्या दुर्घटनेत २१ जीव गेले, दोन्ही वैमानिकांसह. दोष देण्याच्या हेतूने हे लिहीत नाही. आजार लपवण्याची वेळ माणसावर केव्हा येते, ते पाहण्यासाठी लिहितो. 'मधुमेह झाला' एवढे उच्चारताच जिची किंमत परवाना असू शकते, ती कबुली कोण सहज देईल?

आता नाण्याची दुसरी बाजू. आजारपणाची रजा हे भांडणाचे हत्यारही आहे. विमान वाहतूक ही कायद्याने सार्वजनिक उपयुक्ततेची सेवा मानली गेली, त्यामुळे नोटीस दिल्यावाचून तेथे संप करता येत नाही. मग सारेच एकाच दिवशी आजारी पडतात! सामूहिक रजेचा हा प्रकार आपल्या कर्मचारी संघटनांनाही अपरिचित नाही. २००९ च्या सप्टेंबरात मुंबईत जेट एअरवेजच्या चारशेहून अधिक वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले. नव्या संघटनेच्या उभारणीत पुढे असलेल्या दोन सहकाऱ्यांना बडतर्फ केल्याचा तो निषेध होता. पाच दिवस प्रवाशांचे हाल झाले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, शेवटी तडजोड झाली. २०१२ साली एअर इंडियाच्या वैमानिकांनी अशाच मार्गाने सुरू केलेले आंदोलन जवळजवळ दोन महिने चालले. २०२४ च्या मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी हाच मार्ग धरला. २५ जणांना काढले, आणि दोनच दिवसांत समेट होऊन परत घेतले.

त्या आंदोलकांच्या मागण्या रास्त असतील. पण अशा प्रत्येक प्रकरणानंतर व्यवस्थापनाची नजर संशयी होते, आणि त्या संशयाचा पहिला फटका बसतो तो खरोखर आजारी असलेल्या नवख्याला. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. येथे हाक मारतात थोरले, आणि लांडगा गाठतो धाकट्याला. प्रस्तुत लेखकाला आजारपणाच्या रजेचा असा वापर पटत नाही. मात्र संप करण्याची वाट बंद ठेवून केवळ रजेच्या वाटेवर पहारा बसवणे, हेही शहाणपणाचे वाटत नाही.

मनाच्या आजाराचा प्रश्न याहून अवघड आहे. २०१५ च्या मार्चमध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान आल्प्स पर्वतावर नेऊन आदळले आणि १५० जण गेले. डॉक्टरांनी त्याला कामास अयोग्य ठरवले होते, पण ती चिठ्ठी त्याने कंपनीला दाखवलीच नव्हती. तेव्हापासून जगभर वैमानिकांच्या मनःस्वास्थ्याची चर्चा वाढली. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही २०२३ साली त्यासंबंधी सूचना काढल्या. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळून २६० जण मरण पावले. त्यानंतर चारच दिवसांनी, १६ जूनला, त्या कंपनीच्या ११२ वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले. ५१ कॅप्टन आणि ६१ सहवैमानिक. ही माहिती पुण्याचे खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिली. काहींना या आकड्यात पळपुटेपणा दिसला. मला तसे वाटत नाही. ज्याचे सहकारी चार दिवसांपूर्वी जळून गेले आहेत त्याने त्याच आसनावर बसण्यापूर्वी थांबून 'आज माझे चित्त ठिकाणावर नाही' असे म्हणणे, हे परिशिष्टातल्या त्या नियमाचे अक्षरशः पालन आहे. आणि सहवैमानिकांची संख्या कॅप्टनांपेक्षा अधिक होती, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. धाकट्यांनीही फोन केला.

आजार आणि थकवा यांची सीमारेषा पुसट असते. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरच्या विमानतळावर इंडिगोचा एक वैमानिक पुण्याच्या विमानाकडे जाताना प्रवेशद्वाराजवळच कोसळला आणि मरण पावला. वय अवघे चाळीस. आदल्या दिवशी पहाटे त्याने तिरुअनंतपुरम–पुणे–नागपूर असे उड्डाण केले होते. त्यानंतर सत्तावीस तासांची विश्रांती झाली होती, म्हणजे कागदोपत्री सारे नियमांत होते. ही घटना वैमानिकांच्या मनाला फार लागली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने विश्रांतीचे सुधारित नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली, आणि रात्रीच्या कामात सहाऐवजी दोनच अवतरणे करता येतील, असे ठरले. कंपन्यांनी वेळ मागितली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात राहिले, आणि हे नियम २०२५ च्या जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले.

या नियमांबरोबर महासंचालनालयाची एक छोटी सूचना होती. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही. वैमानिक दोन दिवस तापाने अंथरुणावर होता, म्हणून त्याची आठवड्याची विश्रांती झाली असे मानू नये, असा तिचा साधा अर्थ. आजारी पडणे म्हणजे विश्रांती नव्हे, हे ज्याने घरात एकदा तरी आजारी माणूस पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोला नव्या नियमांप्रमाणे वैमानिक पुरेना. हजारो उड्डाणे रद्द झाली, एकट्या ५ डिसेंबरला हजाराच्या वर. विमानतळांवर सामानाचे डोंगर साचले, लग्नाची वऱ्हाडे अडकली. त्याच दिवशी महासंचालनालयाने जी सवलत दिली तिच्यात हीच सूचना मागे घेतली गेली, आणि रात्रीच्या कामाच्या बाबतीत त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. वैमानिकांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. खोळंबलेल्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांना त्या एका ओळीचा पत्ता असेल. त्यांना घरी पोचायचे होते, आणि त्या गर्दीत त्यांनी दुसरे काही मागावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. रोस्टर विभागातला फोन त्या आठवड्यातही वाजत होताच. पलीकडे कोणी नवखा असेल तर, नाक चोंदलेल्या आवाजात 'सर, मला आज जमणार नाही' एवढे पाच शब्द उच्चारायला त्याला किती वेळ लागला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.